दाराचं चित्र

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या साथीमुळे मुलाची शाळा, थेरपी, रोजची बस, सगळं एका आठवड्यात थांबलं. तो तेव्हा नऊ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिस्टिक), जेमतेम दहा-बारा शब्द बोलणारा. ज्यांच्या घरात असं मूल आहे, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते.

भिंतीवर दिवसाचा चित्रतक्ता लावा, म्हणजे कशानंतर काय होणार ते चित्रांच्या कार्डांनी दाखवा, हे बहुतेकांना माहीत असतं. माझं चुकलं ते त्यानंतर. तक्त्यावर सगळं त्याचं होतं, माझं काहीच नव्हतं. सहाव्या आठवड्यात भांडी घासताना मला रडू फुटलं, ते थांबेचना. तो कानांवर हात दाबून भिंतीवर डोकं आपटायला लागला.

त्या रात्री मी नवं कार्ड काढलं: बंद दार, आत खुर्चीत आई. शेजारी वाळूचं घड्याळ ठेवलं. पहिल्या दिवशी दोनच मिनिटं दार लावलं, नवरा बाहेर त्याच्याजवळ बसला. मग पाच, मग दहा. वीस मिनिटांवर यायला तीन आठवडे लागले. वाळू संपली की दार उघडायचंच. एकदा जरी उशीर केलात तरी त्याचा वाळूवरचा विश्वास उडतो. त्या वेळात घरकाम करू नका. मी नुसती पडून राहायची. घरात दुसरं मोठं माणूस नसेल तर दार उघडं ठेवून त्याच्या नजरेसमोर बसा, पण कार्ड लावाच.

रात्र वाटून घ्या. अनेक स्वमग्न मुलांची झोप मुळातच अपुरी असते. आम्ही दोन वाजता पाळी बदलायचो. पाळी नसलेल्यानं आवाज आला तरी उठायचं नाही. मला हे फार जड गेलं.

‘मी आजारी पडले तर याचं कोण करणार?’ ही भीती कागदावर उतरवा. एकच पान: दुखतंय हे तो कसं दाखवतो, कशाला घाबरतो, औषधं कोणती, मास्क किती वेळ सहन होतो, शांत कशानं होतो. एक प्रत बहिणीकडे दिली, त्या रात्री मी सलग झोपले.

भावंडांनाही त्यांचं कार्ड द्या. माझी मुलगी ‘मी ठीक आहे’ म्हणायची आणि नखं कुरतडायची.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साथीच्या पहिल्याच वर्षी जगभरात चिंता आणि नैराश्य २५ टक्क्यांनी वाढलं. तेव्हा मदत मागायला लाजू नका. स्वतःला किंवा मुलाला इजा करावी असं मनात आलं तर त्याच क्षणी कुणाला तरी जवळ बोलवा आणि डॉक्टर गाठा. दोन आठवडे सलग उदास वाटलं, कशातच मन लागलं नाही, तरीही डॉक्टरांशी बोला, फोनवर चालेल. त्या फोनची वेळ तक्त्यावर आधीच लावा, त्याच दाराच्या चित्रासकट. नाहीतर पाचव्या मिनिटाला दार वाजतं.