डॅश ए म्हणजे अटॅचमेंटच, असं नाही

लिनक्स सपोर्टची माझी पहिली नोकरी पुण्यात, रात्रपाळीची. पहाटे सहाला बॅकअपचा लॉग झिप होऊन क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीतून, टीम लीडना मेलने जायचा. स्क्रिप्टमध्ये 'मेल' ही कमांड होती आणि फाइल जोडायला तिला डॅश ए (-a) हा पर्याय दिलेला. जुन्या सेंटओएस (लिनक्सचाच एक प्रकार) सर्व्हरवर ही स्क्रिप्ट बिनतक्रार चालत होती. मी ती जशीच्या तशी नव्या उबुंटूवर, म्हणजे लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारावर टाकली आणि चहाला गेलो. सकाळी लीड म्हणाले, "अरे, मेल आलाय, फाइल कुठाय?"

एरर नाही, एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा) शून्य, म्हणजे सगळं ठीक. दोन रात्री मी झिपवरच संशय घेत बसलो. शेवटी निमूटपणे मॅन पेज, म्हणजे कमांडची माहितीपुस्तिका उघडली. सेंटओएसवरच्या मेलएक्स या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये डॅश स्मॉल ए म्हणजे अटॅचमेंट. उबुंटूवर होतं बीएसडी-मेलएक्स, त्यात तेच डॅश ए म्हणजे जादा हेडर, मेलच्या वरच्या माहितीतली एक ओळ. जीएनयू मेलयुटिल्स या तिसऱ्या प्रोग्रॅममध्ये तर अटॅचमेंटला कॅपिटल ए लागतो. कमांडचं नाव मात्र तिन्हीकडे 'मेल'! त्यामुळे नव्या मशीनवर बसलात की 'मेल' ही लिंक नेमकी कुठे जाते, ते आधी रीडलिंक या कमांडने बघून घ्या.

मी मट हा वेगळा मेल प्रोग्रॅम टाकून मोकळा झालो. त्यात डॅश ए नंतर फाइल, मग सुटे दोन डॅश, मग पत्ता. ते दोन डॅश विसरलात तर मट पत्त्यालाच फाइल समजतं आणि ती सापडत नाही म्हणून कुरकुरतं. मेलमध्ये मजकूर नसेल तर इनपुटला डेव्ह-नल (लिनक्सची कायम रिकामी फाइल) द्या, नाहीतर मट टर्मिनलवर एडिटर उघडून बसतं.

आणि एक्झिट कोड शून्य म्हणजे मेल पोचला नव्हे. आपल्याच मशीनवरच्या पोस्टफिक्स या मेल सर्व्हरने तो ताब्यात घेतला, एवढंच. पुढचं मेल लॉगमध्ये बघायचं. तिथे 'स्टेटस सेंट' दिसलं की निदान पुढच्या सर्व्हरने घेतला.

पुढे एकदा लॉग ८ एमबीचा झाला आणि 'मेसेज फाइल टू बिग' आलं. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट, मग ८ एमबी का अडावेत? कारण अटॅचमेंट बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून जाते, तीन बाइटचे चार होतात. ८ चे जवळपास ११ झाले होते. आता फाइल ७ एमबीच्या वर गेली की स्क्रिप्ट नुसता सर्व्हरवरचा पाथ पाठवते. लीडना ते अजून आवडलेलं नाही.