संगीत नाटक मंडळीची कारकीर्द-यादी कशी करावी

आधी चार रकाने आखा: वर्ष, मालक, प्रमुख गायक नट, नवे नाटक. मालक आणि नट एका रकान्यात घातले की घोळ ठरलेलाच. बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले ते नट म्हणून. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हा ते भागीदार झाले. म्हणजे नोंदी दोन हव्यात.

पहिल्या प्रयोगाची तारीख जपून लिहा. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात किर्लोस्कर मंडळीचे संस्थापक अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘शाकुंतल’चे पहिले चारच अंक झाले, ‘संपूर्ण नाटक’ लिहिलेत तर चूक. अण्णासाहेब १८८५ मध्ये गेले, मंडळी मात्र चालू राहिली. तिथे रेघ मारू नका, फक्त मालकाचा रकाना बदला.

जाहिरातीवर शालिवाहन शकाचे वर्ष असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत, म्हणजे इसवी सन बदलल्यावर, ७९. वर्ष चुकते ते बहुधा इथेच.

१९२१ चा संयुक्त ‘मानापमान’ हा दोन मंडळ्यांनी मिळून केलेला प्रयोग, विलीनीकरण नव्हे. गंधर्व आणि ललितकलादर्श, दोन्ही याद्यांत तो स्वतंत्र नोंदवा.