फॅन थिअरी लिहिताय? या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

परवा पुन्हा एका पोराचा मेसेज आला, "दादा, पिर्रा जिवंत आहे, फुल प्रूफ आहे माझ्याकडे." (पिर्रा म्हणजे 'रूबी' या वेब सीरिजमधली, तिसऱ्या सीझनमध्ये मेलेली पोरगी.) प्रूफ काय, तर स्क्रीनशॉटमध्ये लाल केसांची एक बाई. अरे बाळा, ती बाई सहाव्या व्हॉल्यूमपासून (व्हॉल्यूम म्हणजे सीझन) तिथे उभी आहे आणि ती पिर्राच्याच पुतळ्यासमोर उभी आहे. पिर्राचा मित्र जॉन, त्याच्याशी दोन शब्द बोलून निघून जाते. जिवंत पोरीचा पुतळा कोण उभारतं? आधी हसलो, मग चिडलो, मग आठवलं की २०१६ मध्ये मी स्वतः याहून येडचाप काहीतरी लिहिलं होतं, तेव्हा गप्प बसलो आणि हे लिहायला घेतलं.

विषय आरडब्ल्यूबीवाय, वाचायचं 'रूबी'. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन: टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या रूस्टर टीथ कंपनीची थ्रीडी ॲनिमेटेड वेब सीरिज, मॉन्टी ओमने बनवलेली, जुलै २०१३ मध्ये सुरू झाली. रूबी, वाइस, ब्लेक, यांग या चार पोरी, राक्षसांशी लढायला शिकवणारं कॉलेज आणि हळूहळू सगळ्याचा होणारा सत्यानाश. खाली नऊच्या नऊ व्हॉल्यूमचे स्पॉयलर आहेत, नंतर माझ्या नावाने बोंबलू नका.

सगळ्यात मोठी चूक, आणि माझी सगळ्यात लाडकी: संदर्भ सापडला म्हणजे शेवट सापडला असं समजणं.

या सीरिजमध्ये जवळपास प्रत्येक पात्रामागे एखादी परीकथा नाहीतर दंतकथा आहे. रूबी म्हणजे लाल टोपीवाली मुलगी, वाइस म्हणजे स्नो व्हाइट, पेनी म्हणजे पिनोकियो, पिर्रा म्हणजे ग्रीक कथेतला, टाचेत बाण लागून मेलेला अकिलीस. तिसऱ्या व्हॉल्यूमच्या शेवटी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, खलनायिका सिंडरचा बाण पिर्राच्या घोट्यात घुसला आणि ज्यांनी अकिलीसचं आधी ओळखलं होतं त्यांची छाती दोन इंच फुगली. तिथूनच हा रोग पसरला. एकदा लॉटरी लागली की माणूस रोज तिकीट काढतो ना, तसं. मग जो तो प्रत्येक पात्राची मूळ गोष्ट शोधायचा, शेवटचं पान उघडायचा आणि जाहीर करायचा की याचं असं होणार.

आता माझी फजिती ऐका. सीरिजमधला लष्करप्रमुख जनरल आयर्नवुड म्हणजे ऑझच्या गोष्टीतला टिनचा माणूस, ज्याला हृदय हवं असतं. बॉमच्या १९०० सालच्या पुस्तकात तो शेवटी खूश असतो, जादूगाराकडून त्याला हृदय मिळतं. झालं, मी लिहिलं. अकरा पानं. २०१९ च्या नोव्हेंबरात सातवा व्हॉल्यूम सुरू झाला तेव्हा मी पनवेलला एका मित्राबरोबर रूम शेअर करून राहायचो, ऑफिसातून आलो की रात्री जेवण झाल्यावर तेच काम. 'आयर्नवुडला हृदय मिळणार, तो स्वतःचा बळी देऊन मँटल शहर वाचवणार.' आकृती काढली होती हो, बाण बिण दाखवून. रूममेटला सीरिजमध्ये शून्य इंटरेस्ट, पण मी इतकं डोकं खाल्लं की तोही बघायला लागला, आणि मिसळीची पैज लागली.

फेब्रुवारी २०२०. शेवटच्या एपिसोडमध्ये आयर्नवुडने समोर उभ्या असलेल्या ऑस्करवर, एका पोरावर, गोळी झाडली आणि तो कड्यावरून खाली गेला. रूममध्ये दोन मिनिटं शांतता. मग रूममेट म्हणतो, "काय रे, मिळालं का हृदय?" त्याने त्या आठवड्यात माझ्या पैशाने दोनदा मिसळ खाल्ली. पैज एकदाचीच होती, पण मी भांडायच्या मनःस्थितीत नव्हतो. आठव्या व्हॉल्यूममध्ये तर साहेबांनी कौन्सिलच्या माणसाला गोळी घातली आणि मँटलवर बॉम्ब टाकायची धमकी दिली, म्हणजे माझी अकरा पानं भेळेची पुडी बांधायच्या लायकीची उरली.

आता खरा मुद्दा. गोष्ट ओळखण्यात मी चुकलो नव्हतो, टिनचा माणूस बरोबरच होता. मी बघितलं नाही ते हे की आयर्नवुड दरवेळी घाबरला की काय करतो. दुसऱ्या व्हॉल्यूममध्ये भीती वाटली, उत्सवाला अख्खं सैन्य घेऊन आला. तिसऱ्यात त्याचेच रोबॉट शत्रूने हॅक करून लोकांवर उलटवले. यातून माणूस काही शिकेल? चौथ्यात त्याने सीमाच बंद करून टाकल्या. सातव्यात वॉट्स या शत्रूशी लढताना स्वतःचा हात सोलून काढला पण मागे हटला नाही, पुढच्या व्हॉल्यूममध्ये तिथे लोखंडी हात. घाबरला की मुठी आवळतो, दारं लावतो, आणखी थोडा लोखंडाचा होतो. चार व्हॉल्यूम ओरडून सांगत होते आणि मी १९०० सालचं पुस्तक चाळत बसलो होतो. बरं, त्याआधी पाचव्यात ऑझच्याच गोष्टीतल्या भित्र्या सिंहावर बेतलेला लायनहार्ट येऊन गेलेला, आणि त्याला हिंमत मिळाली का? नाही. गद्दारी केली, पळाला आणि पळतानाच मेला. तेव्हाच डोकं ठिकाणावर यायला हवं होतं. ही मंडळी गोष्ट उचलतात, शेवट उचलतीलच असं नाही, कधीकधी मुद्दाम उलटा फिरवतात.

तेव्हापासून माझी एक सवय आहे, पद्धत वगैरे म्हणू नका, नुसती सवय. दोनशे पानी वही, प्रत्येक पात्राला एक पान, मधोमध रेघ. डावीकडे फक्त पात्राने काय *केलं* ते, क्रियापद पाहिजे. 'दुःखी आहे' चालत नाही, 'ग्लास धुताना थांबली' चालतं. उजवीकडे माझी अक्कल, तारीख टाकून. डावीकडे पाच ओळी झाल्याशिवाय उजवीकडे पेन लावायचं नाही. आणि चुकलं तर खोडायचं नाही, राहू द्यायचं, लाज वाटली पाहिजे.

बॉडी दिसली नाही म्हणजे जिवंत, असं समजणं. पिर्राची राख झाली, डोळ्यांसमोर. तरी दहा वर्षं हे चाललंय. चौथ्या व्हॉल्यूमच्या सुरुवातीला जॉन रात्री सगळे झोपल्यावर जंगलात जातो, फोन समोर ठेवतो, त्यात पिर्राचं जुनं रेकॉर्डिंग, ती सांगते तसा एकटा तलवारीचा सराव करतो आणि रूबी लांबून बघते. त्या तलवारीत आणि चिलखतात पिर्राच्या हत्याराचा धातू वितळवून घातलाय. हा सीन बघून लोकांनी काय विचारलं? "रेकॉर्डिंगमध्ये कोडवर्ड आहे का?" अरे, एक पोरगा मेलेल्या मैत्रिणीच्या आवाजावर रोज रात्री घाम गाळतोय, पात्र तुमच्यासमोर बदलतंय आणि तुम्ही ऑडिओ उलटा वाजवून बघताय!

बजेटला गूढ समजणं. पहिल्या व्हॉल्यूममध्ये रस्त्यावरची सगळी माणसं नुसत्या काळ्या सावल्या आहेत. यावर एकाने मला वीस मिनिटं समजावलं होतं की ही आत्मा हरवलेली माणसं आहेत आणि शेवटी त्यांचं रहस्य उघड होणार. मित्रा, पैसे आणि वेळ नव्हता. छोटी टीम होती, गर्दीतला प्रत्येक माणूस मॉडेल करत बसले असते तर एपिसोड आलेच नसते. तसंच चौथ्या व्हॉल्यूमपासून पोझर सोडून माया सॉफ्टवेअरवर गेले, सगळ्यांचे चेहरे बदलले, आणि "वाइसच्या डोळ्यांत आता वेगळंच दुःख आहे" अशा पोस्ट सुरू. दुःख असेल हो, पण रेंडरिंग पण बदललंय. आधी विचारा की हे पात्राचं आहे की सॉफ्टवेअरचं.

ओपनिंगमधली, म्हणजे सुरुवातीच्या गाण्यातली, फाईट म्हणजे वचन नव्हे. ओपनिंग हे ट्रेलरसारखं फसवायलाच असतं.

चिबीमधला (याच पात्रांची विनोदी जोड-सीरिज) विनोद मुख्य गोष्टीत पुरावा म्हणून आणू नका. २०२२ चा आइस क्वीनडम पण नको, तो वेगळा ॲनिमे आहे.

कपड्याच्या रंगावरून कोण कोणाला मारणार हे ठरवणाऱ्यांशी मी बोलत नाही.

दुसरी मोठी चूक, आणि याच्यावर मी जरा तापतो: "रूबीचं कॅरेक्टर डेव्हलपमेंटच नाही."

हे म्हणणाऱ्या दहातले आठ जण दीडपट स्पीडवर बघतात, दोन सीन पुढे ढकलतात, मग कोणाचातरी 'अख्खी सीरिज अर्ध्या तासात' व्हिडिओ बघतात आणि येऊन सांगतात की पात्र सपाट आहे. सपाट दिसणारच, तुम्ही वरून रोलर फिरवलाय! पहिल्या व्हॉल्यूमचे काही एपिसोड तर पाच-सहा मिनिटांचे आहेत, तेवढा वेळ तरी एका जागी बसा.

आणि वेळेचा हिशोब धरा. आठवा व्हॉल्यूम नोव्हेंबर २०२० ते मार्च २०२१ चालला, आपण एवढे महिने वाट बघितली, पण आतल्या गोष्टीत फक्त दोनेक दिवस गेलेत. दोन दिवसांत, शहर कोसळत असताना, कोण बसून स्वतःमध्ये बदल घडवतं? मग नववा आला फेब्रुवारी २०२३ मध्ये. आपल्यासाठी दोन वर्षं, तिच्यासाठी काहीच नाही, ती नुकतीच खाली, एका वेगळ्याच जगात पडलीय. लोक म्हणाले, एवढ्या गॅपनंतरही तीच रूबी. अहो, गॅप तुमचा होता. (जॉनचं मात्र उलटं झालं, तो त्या जगात जाऊन म्हातारा होऊन बसला, तेव्हा घड्याळ कोणाचं चालू आहे हे दरवेळी बघावं लागतं.)

नवव्यात सुरुवातीलाच एका बाजारात लिलाव चालू असतो आणि त्यात पेनीची तलवार निघते. पेनी, जी तिसऱ्या व्हॉल्यूममध्ये एकदा तुटली आणि आठव्यात दुसऱ्यांदा गेली. तिथे रूबी नेहमीसारखं भाषण देत नाही. ज्या पोरीने आठ व्हॉल्यूम प्रत्येक वाईट प्रसंगी "आपण करू शकतो" छाप काहीतरी म्हटलं, तिला शब्द सापडत नाहीये. मी पहिल्यांदा बघताना जेवत होतो, लक्ष पोळीकडे, सीन हुकला. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा मागे जाऊन सगळी भाषणं परत बघितली, आणि वहीच्या डाव्या बाजूला एकाखाली एक लिहीत गेलो: 'धीर दिला', 'धीर दिला', 'धीर दिला', 'रडली नाही', 'धीर दिला'. ते पान बघून माझ्याच पोटात गोळा आला. सपाट पात्र नव्हतं ते, झाकण घट्ट लावलेला कुकर होता. त्याच व्हॉल्यूममध्ये तो फुटला आणि तिने स्वतःला संपवायचा प्याला तोंडाला लावला, तेव्हा तेच लोक म्हणाले, "हे अचानकच झालं." अचानक!

यांगच्या बाबतीत पण हेच. तिसऱ्यात हात गेला, पाचव्यात ती आई रेव्हनसमोर उभी राहून तिला खडसावते आणि त्या वेळी तिचा हात थरथरत असतो, राहिलेला, खरा हात. आई निघून गेल्यावर गुडघ्यांवर बसून रडते. "लोखंडी हात लावला आणि विसरली" म्हणणाऱ्यांनी तो सीन फोनवर बसमध्ये बघितला असणार.

"मॉन्टी असता तर..." मॉन्टी ओम १ फेब्रुवारी २०१५ ला गेला, ३३ वर्षांचा होता. वाईट वाटतं, मला आजही वाटतं. पण आवडलं नाही ते सगळं 'मॉन्टीने केलं नसतं' म्हणून ढकलून द्यायचं, ही थिअरी नाही, ही पळवाट आहे. माइल्स लूना आणि केरी शॉक्रॉस पहिल्या व्हॉल्यूमपासून त्याच्याबरोबर लिहीत होते. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपली मतं घालू नका, एवढं साधं आहे.

शिपिंगचा (पात्रांच्या जोड्या जुळवण्याचा) चष्मा: ब्लेक आणि यांगचं शेवटी नवव्यात जमलं, त्यामुळे आता प्रत्येक जण म्हणतो मी आधीच ओळखलं होतं. ओळखलं असेल. पण त्याच लोकांनी आणखी चौदा जोड्या पण ओळखल्या होत्या, त्यांचं काय? तारीख टाका म्हणतो ते यासाठीच.

रूस्टर टीथ बंद होणार हे २०२४ च्या मार्चमध्ये जाहीर झालं आणि जुलैत सीरिज व्हिझ मीडियाकडे गेली, त्या काळात थिअऱ्यांना नुसता ऊत आला. रिकामा वेळ वाईट. त्यात सगळ्यात जास्त समर रोझ, रूबीची आई. आठव्यातला तो कुत्र्यासारखा राक्षस आतून रूबी आणि समरसारखाच चंदेरी डोळ्यांचा माणूस निघाला, त्यामुळे मुख्य खलनायिका सेलमने समरचं पण तसंच केलं असणार, असं बऱ्याच जणांनी पक्कं करून टाकलंय. रूममेट (आता त्याचं लग्न झालंय, पण सीरिज सुटली नाही) रविवारी फोन करून मला हेच पटवत होता, आणि पुन्हा मिसळ लावायला तयार होता. मी वही उघडली. समरच्या पानावर डावीकडे: 'घरी सांगितलं एक, गेली दुसरीकडे.' 'रेव्हनला बरोबर नेलं.' दोन ओळी. उजवी बाजू कोरी आहे. त्याला म्हटलं, अजून तीन ओळी होऊ देत, मग फोन कर.