घडकूज: वाइन द्राक्षांच्या बागेत नव्याने आलेल्यांसाठी

कृषी पदवी घेऊन दिंडोरी-नाशिक पट्ट्यात वाइन द्राक्षांच्या बागेत रुजू होणाऱ्या प्रत्येकाला मी आधी शेनिन ब्लाँ या वाइन वाणाच्या प्लॉटमध्ये नेतो. त्याचा घड इतका गच्च भरतो की आतले मणी एकमेकांना दाबून फोडतात. झिनफँडेल या वाणाचंही तसंच. कॅबर्ने वाणाचा घड सुटा, साल जाड, म्हणून तिथे निभावतं. टेबल (खाण्याच्या) द्राक्षांत जीए (जिबरेलिक ॲसिड हे संजीवक) वापरून आणि विरळणी करून घड मोकळा करतात, पण वाइनला लहान मणी आणि रसाच्या मानाने जास्त साल हवी असते. त्यामुळे ती वाट इथे नाही. मणी एकमेकांना टेकून घड एकदा बंद झाला की आत औषध पोहोचत नाही, आणि काढणी जवळ आली की फवारणीवर बंधनं येतात. म्हणून घडकुजीचं खरं काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, हातांनी होतं.

गोडी छाटणीनंतर (घडांसाठी केलेल्या छाटणीनंतर) फुटी दिसू लागल्या की फेलफूट, म्हणजे नको असलेल्या फुटी, काढायला उशीर करू नका. ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) काड्यांची दाटी झाली तर पुढे काहीही केलं तरी आत दमटपणा राहतो. मणी सेट झाल्या झाल्या घडांच्या पट्ट्यातली पानं आणि बगलफुटी काढा. ओळी उत्तर-दक्षिण असतील तर पूर्वेकडची काढा. सकाळचं ऊन दव लवकर वाळवतं, आणि कोवळ्या वयात ऊन लागलेल्या मण्याची साल घट्ट होते. पश्चिमेकडची पानं राहू द्या, नाहीतर दुपारच्या उन्हाने मणी भाजतात. हेच काम पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागल्यावर, केलं तर सावलीत वाढलेला मणी एकदम उघडा पडतो. मजूर मिळत नाहीत म्हणून पानं काढणं पुढे ढकललं जातं, हे मी सतत पाहतो आणि मला ते मनापासून खटकतं. वर्षभराच्या कष्टाचा निकाल त्या थोड्या दिवसांत लागतो.

फुलोऱ्यानंतर फुलांच्या वाळलेल्या टोप्या घडात अडकतात, बोट्रायटिस ही घड कुजवणारी बुरशी त्यांच्यावर जगते. त्या वेळी घड हलक्या हाताने झटकून पाहा. भुरीकडेही दुर्लक्ष नको, कारण भुरीने जखमी झालेली साल मणी फुगताना तडकते. नत्र जास्त झालं की वेल माजते आणि घड झाकले जातात. पाणी उतरल्यानंतर ठिबक एकदम वाढवलं तरी मणी तडकतात.

कूज दिसली की आधी ओळखा. राखाडी मखमल म्हणजे बोट्रायटिस. तिला थंडी आणि लांबलेला ओलावा मानवतो, अवकाळी पावसानंतरचे ढगाळ दिवस तर फारच. हीच बुरशी फ्रान्समधल्या सोतेर्नला गोड वाइन देते, पण तिथे सकाळचं धुकं आणि दुपारचं कोरडं ऊन असा मेळ जमतो. काळी भुकटी दिसली तर बहुधा ॲस्परजिलस ही बुरशी, ती उष्णतेत वाढते. व्हिनेगरसारखा वास आणि चिलटं असतील तर आंबट कूज: यीस्ट आणि ॲसिटिक जिवाणू मिळून ती करतात, आणि चिलटं ती घडाघडांत पसरवतात. तिथे नुसतं बुरशीनाशक मारून भागत नाही.

पावसानंतर दुसऱ्या दिवशी प्लॉटमध्ये चाला आणि घड उलटे करून पाहा, कारण कूज बऱ्याचदा देठाकडून, आतून सुरू होते. कुजका भाग कात्रीने कापून बादलीत टाका आणि बागेबाहेर न्या. वेलीखाली टाकला तर चिलटं तिथेच वाढतात. साखर अजून चढायची असली तरी कूज पसरत असेल तर वाइनमेकरला त्याच दिवशी फोन करा. थोडी आधी काढणी परवडते, कारण बोट्रायटिसचं लॅकेस हे विकर लाल वाइनचा रंग तपकिरी करतं आणि वाइनमध्ये घालतात त्या गंधकाच्या (सल्फर डायऑक्साइडच्या) मात्रेलाही सहज दबत नाही. काढणी पहाटे, घड थंड असताना करा. कुजके मणी वेलीवरच वेचून काढा, क्रेट भरल्यावर ते खालच्या थरात जातात आणि दिसत नाहीत.