चढावर बंद पडणारी मोटारसायकल: दोष टाकीच्या झाकणात

बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरात, पाटोद्याकडील वाड्यावस्त्यांतून चार दिवस फिरताना माझी कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) मोटारसायकल दर २०-२५ किलोमीटरनंतर गचके देत बंद पडे आणि १५ मिनिटांनी पुन्हा सुरू होई. प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, तरी फरक पडेना. निर्जन घाटात मन अगदी खचले.

तिसऱ्या दिवशी गाडी बंद पडताच टाकीचे झाकण उघडले, तेव्हा हवा आत शिरल्याचा आवाज झाला आणि गाडी लगेच सुरू झाली. झाकणातील हवेचे छिद्र धुळीने बुजल्यामुळे टाकीत निर्वात पोकळी निर्माण होऊन पेट्रोल खाली उतरत नव्हते.

इंजिन थंड झाल्यावर झाकण काढले, टाकीच्या तोंडावर स्वच्छ फडके घातले, छिद्रात बारीक तार हळुवार फिरवली (आतील झडप नाजूक असते), मग सायकलच्या पंपाने हवा मारून झाकण पुन्हा बसवले. उरलेल्या प्रवासात गाडी एकदाही थांबली नाही.