बाबांच्या खात्यातले 28 दिवस

बारावीनंतर थेट परदेशात पदवीला जायचं म्हणणाऱ्या पोरापोरींचे फोन मला आपल्याकडून येत असतात. पहिला प्रश्न स्कॉलरशिपचा, म्हणून आधी तेच सांगते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, पदवीसाठी नाही. मला हे ऐन अर्जाच्या वेळी कळलं आणि दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पदवीचा पैसा बहुतेक घरातून आणि कर्जातून उभा करावा लागतो. घर बुडत असेल तर जाऊ नका. इथे पदवी करून मग जा, त्यात काही कमीपणा नाही.

मी ब्रिटनमध्ये, स्कॉटलंडच्या एडिनबर्ग विद्यापीठात इतिहास शिकते. विद्यापीठ 1583 सालचं. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख तिथेच शिकले, एवढ्या एका गोष्टीवर आजोबांनी होकार दिला. तिथे इतिहासाच्या पहिल्या पदवीलाच एम.ए. म्हणतात, चार वर्षांची. बँकेतले साहेब म्हणाले, "बी.ए. कुठंय?" कोर्सचं पान छापून नेलं तेव्हा फाइल पुढे सरकली. शेत तारण घ्यायला बँक तयार झाली नाही, मामाचं अमरावतीतलं घर लावावं लागलं.

आता ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी पैसे दाखवताना जिथे मी अडकले ते नीट वाचा. फीसाठी बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र चाललं. राहण्याखाण्याचा खर्च मात्र खात्यात दाखवायचा होता. लंडनबाहेर माझ्या वेळी महिन्याला 1,023 पौंड, नऊ महिन्यांचे 9,207. आता आकडा वाढलाय. ही रक्कम सलग 28 दिवस खात्यात हवी. सलग म्हणजे मधल्या एकाही दिवशी शिल्लक त्याखाली जाता कामा नये. शेवटच्या दिवशी पैसे असून भागत नाही, आणि सरासरी कोणी काढत नाही. एका दिवसापुरते हजार रुपये कमी पडले तरी मोजणी पुन्हा एकपासून. शिवाय ज्या तारखेला 28 दिवस संपतात, तिथून 31 दिवसांच्या आत अर्ज गेला पाहिजे.

आम्ही बाबांच्या खात्यात नऊ लाख नव्वद हजार ठेवले होते. पौंडाच्या त्या वेळच्या दराने जेमतेम वर. पाऊस येऊन गेला, मग दडी मारली, सोयाबीन उगवलंच नाही. एकोणिसाव्या दिवशी बाबांनी दुबार पेरणीच्या बियाण्यासाठी बावीस हजार काढले. मला पासबुक भरून घेताना काउंटरवर दिसलं. घरी येऊन विचारलं, तर म्हणाले, "अवो बाई, पानी आलं होतं. पेरनी काय तुया विजासाठी थांबते?" मी काही बोलू शकले नाही. त्यांचं बरोबरच होतं. चूक माझी, मी त्यांना 28 दिवसांचा अर्थ नीट सांगितलाच नव्हता.

काकांनी लगेच पैसे देऊ केले. पण काकांच्या खात्यातले पैसे चालत नाहीत, खातं तुमचं किंवा आईवडिलांचंच हवं. एकत्र कुटुंबात हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. काकांचे पैसे बाबांच्या खात्यात टाकले आणि दिवस पुन्हा मोजले. व्हिसा हातात आला तोवर पहिल्या आठवड्याचे वर्ग होऊन गेले होते.

म्हणून शेतीचं खातं वेगळं ठेवा आणि या खात्याचं एटीएम कार्ड घरातल्या पेटीत टाका. दर वरखाली होतो, तेव्हा पन्नासेक हजार जास्तीचे असू द्या. आरोग्य अधिभार, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाच्या अर्जाबरोबर भरायचे पैसे, वेगळा धरा. माझ्या वेळी वर्षाला 776 पौंड होता आणि सगळ्या वर्षांचा एकदमच भरावा लागला.

आईवडिलांचं खातं दाखवायचं तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्रही लागतं. माझ्या जन्मदाखल्यावर बाबांचं नाव एक, पासबुकावर दुसरं. ग्रामपंचायतीत दुरुस्तीसाठी चार चकरा झाल्या. दाखला मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर करून घ्या. हे काम अकरावीतच उरका.

एजंटांबद्दल माझं मत कडक आहे. मला एकाने सांगितलं होतं, "खात्यात पैसे दाखवले की झालं." असं अर्धवट सांगणाऱ्याला पैसे देण्यापेक्षा मागच्या दोन वर्षांत स्वतः गेलेला कोणीतरी शोधा आणि त्याला न लाजता दहा वेळा विचारा. नियम सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा, इंग्रजी अडलं तर सरांजवळ बसून वाचा.

तिथे पोचल्यावर घाबराल, ते साहजिक आहे. माझ्या पहिल्या निबंधाला 54 मिळाले. बारावीला नव्वदच्या वर असलेली मी खोलीवर येऊन रडले. मग कळलं, तिथे 40 ला पास आणि 70 ला सगळ्यात वरची श्रेणी. शिवाय माझ्या कोर्समध्ये पहिल्या वर्षाचे गुण अंतिम निकालात धरत नाहीत. निबंधाच्या कडेला शिक्षिकेने लिहिलं होतं, तुझं स्वतःचं म्हणणं कुठे आहे? आपल्याकडे ते कोणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या निबंधात मी कापसाच्या व्यापारावर लिहिलं आणि पहिल्याच ओळीत माझं म्हणणं मांडलं. 63 आले. त्या रात्री बाबांना फोन केला, तर ते सोयाबीन काढणीला मजूर मिळत नाहीत म्हणून सांगत बसले, आणि मी ऐकत बसले.