योगा क्लासचा खर्च घरखर्चात कसा बसवायचा (बेळगाव आणि आसपासच्यांसाठी)

क्लास लावायचा म्हटलं की आपण पहिलं विचारतो, फी किती? मी पण तेच विचारलं होतं, दोन वर्षांपूर्वी. महिन्याला ८०० आणि वर्षाचे एकदम भरले तर ६,००० अशी ऑफर होती, मी मनातल्या मनात ९,६०० वजा ६,००० केलं, ३,६०० वाचले म्हणून खुश होऊन तिथल्या तिथे फोनपे केलं. आमच्यात दुधाचा हिशेब कालनिर्णयवर असतो, ज्या दिवशी जादा दूध घेतलं त्या चौकोनात खूण, तसंच मी क्लासला गेलेल्या दिवशी निळ्या पेनने एक टिंब द्यायचे. वर्ष संपल्यावर सगळी पानं उलटून टिंबं मोजली तर ६१. जून-जुलैचा पाऊस, मग गणपती, मग नणंदेच्या लेकीचं लग्न, मग मुलाची दहावी, जानेवारीनंतरची पानं तर कोरीच. ६,००० भागिले ६१ म्हणजे दिवसाला ९८ रुपये पडले! आणि ती टिंबं चार महिन्यांत बसतील एवढीच होती, म्हणजे महिन्याच्या महिन्याला भरले असते तर ३,२०० मध्ये झालं असतं. उरलेले पैसे मागायला गेले तर रिफंड नाही म्हणून सांगितलं, पावतीच्या मागं बारीक अक्षरात लिहिलंच होतं, मी वाचलं नव्हतं.

तेव्हापासून ओळखीतल्या सगळ्यांना हेच सांगते, फी महिन्याला किती ते बघू नका, गेलेल्या एका दिवसाला किती पडतात ते बघा. पहिले तीन महिने महिन्याच्या महिन्यालाच भरा, थोडे जास्त गेले तरी चालतील, आणि टिंबं देत राहा. तीन महिने सलग महिन्याला १५ च्या वर टिंबं आली तर मग तिमाही घ्या. वर्षाचं पॅकेज मात्र एक अख्खा पावसाळा क्लास न चुकवता काढल्याशिवाय घ्यायचंच नाही, कारण आपल्याकडचा पाऊस कसा असतो ते तुम्हाला माहीतच आहे, पहाटे साडेपाचला पत्र्यावर धडधड सुरू झाली की रेनकोट घालून गाडी काढायची इच्छा कुणाला होते!

आता गाडीवरून आठवलं, हा खर्च कुणी धरतच नाही. मी वडगावात राहते आणि तो क्लास दुसऱ्या रेल्वे गेटच्या पलीकडे होता, जाऊन येऊन ८ किलोमीटर. स्कूटी लिटरला ४० देते, पेट्रोल शंभरच्या वर, म्हणजे दिवसाला २० रुपये, २२ दिवसांचे ४४० झाले. वर गेट पडलं की दहा मिनिटं तिथेच, सूर्यनमस्कार संपल्यावर आपण पोचणार, म्हणजे पैसे पूर्ण आणि क्लास अर्धा. तेव्हा ८०० चा क्लास मला खरा १,२४० ला पडत होता, आणि आमच्याच गल्लीच्या टोकाला चालत जाण्यासारखा १,००० वाला होता तो मी महाग म्हणून सोडला होता. घराजवळचा क्लास दोनशेनं महाग असला तरी तोच घ्या, टिंबंपण जास्त येतात हे मी अनुभवानं सांगते.

खानापूर, निपाणी, चिकोडीकडून किंवा जवळच्या खेड्यांतून शहरात क्लासला येणाऱ्या बायकांना एक सोय आहे, ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना सरकारी साध्या बसला तिकीट नाही, कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र तेवढं जवळ ठेवायचं. चंदगडकडून महाराष्ट्राच्या एसटीनं येणाऱ्यांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यांनी ते अर्धं बजेटमध्ये धरायचं. पण क्लासची वेळ बसच्या वेळेला जुळते का ते आधी बघा, नाहीतर येताना बस फुकट आणि जाताना रिक्षाला पैसे असं होतं.

मॅट, कपडे वगैरे लगेच घ्यायची गरज नाही. पहिला महिना घरातली जाड सतरंजी चालते, फक्त गुळगुळीत फरशीवर सरकते म्हणून खाली रबरी पायपुसणं टाका. टिकलात तर दुसऱ्या महिन्यात ६ एमएमची मॅट घ्या, गुडघे दुखणाऱ्यांना ४ एमएम पातळ पडते. कपडे सैल सलवार-टीशर्ट असले की झालं. आणि क्लास सुटल्यावर मैत्रिणींबरोबर जे चहा-इडली होतं ना, तेपण लिहा. ४० रुपये वाटतात काहीच नाहीत, पण २२ दिवसांचे ८८० होतात, फीपेक्षा जास्त. अजिबात जाऊ नका म्हणत नाही, मैत्रिणी आहेत म्हणून तर आपण पहाटे उठतो, पण आठवड्यात एक वार ठरवून घ्या, आमचा शनिवार आहे.

फी भरताना ऍडमिशन फी वेगळी आहे का, सुट्टीचे दिवस पुढं मिळतात का, मध्येच सोडलं तर काय, एवढं विचारून घ्या आणि उत्तर व्हॉट्सऍपवर लिहून मागा, तोंडी ठेवू नका. कुणी फीवर जीएसटी लावत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जिम आणि योगा सेंटरचा दर १८ टक्क्यांवरून ५ टक्के झालाय. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या क्लासला जीएसटी नोंदणी लागतच नाही, त्यामुळे टॅक्स घेतला की पावतीवर जीएसटी नंबर बघायचा.

एका ठिकाणी मात्र हात आखडू नका, शिकवणारा कोण आहे ते. कंबरेचा, मणक्याचा त्रास असेल, बीपी असेल तर आधी डॉक्टरला विचारा आणि शिक्षकाकडे प्रमाणपत्र आहे का बघा, आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाचं असलं तर उत्तम. शंभर-दोनशे वाचवायला म्हणून कुठंही गेलं आणि कंबर धरली की एका एमआरआयमध्येच कित्येक महिन्यांची फी जाते.

आणि ज्यांना आत्ता फी जमतच नाही, विशेषतः मागावर काम करणाऱ्या घरांत कधी हाताला काम असतं कधी नसतं, त्यांनी थांबू नये. २१ जूनच्या योग दिनाला जो ४५ मिनिटांचा ठरलेला कार्यक्रम करतात तो आयुष मंत्रालयानं फुकट दिलेला आहे, मोबाईलवर व्हिडिओ मिळतो. पतंजली योग समितीसारख्यांचे मोफत वर्गपण बऱ्याच गावांत भरतात, विचारून बघा.

शेवटी आम्ही काय केलं ते सांगते. गल्लीतल्या आठजणींनी मिळून एका बाईंना आमच्या गच्चीवर बोलावलं, त्या महिन्याला ५,००० घेतात, डोक्याला ६२५ आले. पेट्रोल नाही, गेट नाही. बाई मराठी-कन्नड दोन्हीत शिकवतात, श्वास घ्या म्हणतात आणि सोडायच्या वेळी उसिरु बिडी, आता आमच्या तोंडातपण तेच बसलंय. पण असं करताना एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवा, एकजण गळाली तर काय? सातजणींत ७१४ होतात, आणि मग कुरकुर सुरू होते. आम्ही भिशीसारखं केलं, प्रत्येकीनं सुरुवातीला एक महिन्याचे जादा भरून ठेवायचे, सोडायचं असेल तर महिनाभर आधी सांगायचं, न सांगता गेली तर ते पैसे ग्रुपचे. पावसाळ्यात गच्ची चालत नाही, तेव्हा जून ते सप्टेंबर जवळच्या देवळाचा हॉल घेतो, महिन्याला ५०० द्यावे लागतात, प्रत्येकीला साधारण ६३ जादा, ते आम्ही मे महिन्यातच गोळा करून ठेवतो.